स्वातंत्र्यदेवतेची वर्गणी



मी बचत गटांची समन्वयक. महिन्याला वीस-बावीस बैठका होतात. बैठकीला बायका येतात, तशी त्यांची पोरंही येतात. कुणी कडेवर, कुणी पदर धरून. आईचं लक्ष हप्त्यात आणि पोराचं लक्ष दाराबाहेरच्या चपलांत, असं बरीच वर्षं चाललं. मग मी ठरवलं, की बैठकीआधी अर्धा तास या मुलांना जवळ घ्यायचं आणि काहीतरी नवं दाखवायचं. तालुक्याच्या बाजारातून जगातल्या प्रसिद्ध वास्तूंचा एक तक्ता आणला. त्यात ताजमहाल होता, पिरॅमिड होते, चीनची भिंत होती, आणि हातात मशाल धरलेली एक हिरवी बाई होती.

मुलांनी बाकी सगळं सोडून त्या बाईवर बोट ठेवलं. "ताई, ही कुठली देवी?"

तक्त्याखाली छापलेलं मी वाचून दाखवलं. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. न्यूयॉर्क, अमेरिका. उंची ९३ मीटर. अनावरण १८८६. मुलांनी माझ्यामागून एका सुरात म्हटलं आणि पाच मिनिटांत विसरूनही गेली. एक मुलगी मात्र तक्त्यासमोरच उभी राहिली. ही आमच्या एका गटाच्या कोषाध्यक्षबाईंची नात, दुसरीत शिकते. आजीच्या मांडीवर बसून हिशेब ऐकत वाढलेली पोर. तिने विचारलं, "एवढ्या मोठ्या देवीला पैसे कुणी दिले?"

बी.ए.ला माझा इतिहास होता, तरी उत्तर येईना. म्हटलं, "सरकारने दिले असतील." घरी येऊन वाचायला बसले, तेव्हा कळलं की मी चुकीचं सांगितलं. आणि या पुतळ्याची सांगण्यासारखी गोष्ट नेमकी त्या पोरीच्या प्रश्नातच होती. तीच आज तुम्हाला सांगते. ऐकून झाली की आपापल्या पोरांना सांगा.

गोष्ट सुरू होते १८६५ साली. अमेरिकेत उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं चार वर्षं आपसात लढत होती. लढाईच्या मुळाशी गुलामगिरी होती. माणसांनी माणसं विकत घ्यायची, त्यांच्याकडून फुकट राबवून घ्यायचं, त्यांची पोरंसुद्धा विकायची, अशी ती पद्धत. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि वर्षअखेर गुलामगिरी कायद्याने बंद झाली. तिकडे फ्रान्समध्ये एदुआर द लाबुले नावाचे कायद्याचे प्राध्यापक होते. ते गुलामगिरीच्या विरोधात लिहीत आणि बोलत. फ्रेंच आणि अमेरिकन लोकांनी मिळून स्वातंत्र्याचं एक स्मारक उभं करावं, ही कल्पना त्यांची मानली जाते. पुढे वाटणी अशी ठरली, की पुतळा फ्रान्सच्या लोकांनी द्यायचा आणि तो उभा करायचा चौथरा अमेरिकेच्या लोकांनी बांधायचा.

पुतळा घडवायचं काम घेतलं फ्रेदेरिक ओग्युस्त बार्तोल्दी या शिल्पकाराने. त्याने आधी इजिप्तमध्ये, सुएझ कालव्याच्या तोंडाशी, हातात दिवा धरलेल्या शेतकरी बाईचा प्रचंड पुतळा उभारायचं ठरवलं होतं. त्याची चित्रं काढून तिथल्या राज्यकर्त्याला दाखवलीही होती. पण ते काम झालं नाही. पुढे बार्तोल्दी म्हणायचा, की त्या पुतळ्याचा आणि या पुतळ्याचा काही संबंध नाही. आपण दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत आणि काय ते समजावं.

मुलं तिला देवी म्हणाली, त्यात त्यांची चूक नव्हती. प्राचीन रोमन लोक स्वातंत्र्याची एक देवता मानत. तिचंच रूप बार्तोल्दीने घेतलं. डोक्यावर सात किरणांचा मुकुट. डाव्या हातात पाटीसारखी एक फळी. तिच्यावर रोमन आकड्यांत ४ जुलै १७७६ ही तारीख कोरली आहे. अमेरिकेने इंग्लंडच्या राजाची सत्ता झुगारल्याचा तो दिवस. आणि पायाशी तुटलेली साखळी. ही साखळी खालून उभं राहून पाहिलं तर दिसत नाही. म्हणून मुलांना चित्र दाखवताना ती मुद्दाम सांगावी लागते.

आता ती घडवली कशी? मुलांना हा भाग फार आवडतो. आपल्याकडे तांबट तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून हंडा घडवतो ना, तसंच. पॅरिसमधल्या कारखान्यात आधी लाकडाचे मोठाले साचे केले. त्यावर तांब्याचे पत्रे ठेवून कारागिरांनी ते हातोडीने ठोकले, अगदी नाक, ओठ आणि वस्त्राच्या चुण्या उमटेपर्यंत. पत्र्याची जाडी किती? २.४ मिलिमीटर. दोन नाणी एकावर एक ठेवावीत, फार तर तेवढी. म्हणजे बाहेरून डोंगराएवढी दिसणारी ही बाई आतून पोकळ आहे. समुद्राच्या वाऱ्यात तिने उभं राहायचं, तर आत सांगाडा हवा. तो लोखंडाचा सांगाडा रचला गुस्ताव्ह आयफेलने. पॅरिसचा आयफेल टॉवर ज्याच्या नावाचा आहे, तोच हा इंजिनिअर. टॉवर मात्र नंतरचा, १८८९ चा. तांबं उन्हाने फुगतं, थंडीने आकसतं. म्हणून पत्रा सांगाड्याला घट्ट जखडला नाही, थोडा हलता येईल असा लवचिक पट्ट्यांनी अडकवला.

उंची समजावताना मीटरचा काही उपयोग होत नाही, हे मी पहिल्याच दिवशी शिकले होते. म्हणून पुढच्या बैठकीला बायकांना जुन्या साड्या आणायला सांगितल्या. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर भरते. शाळेच्या मैदानावर आम्ही साड्या टोकाला टोक लावून अंथरल्या. आठ साड्या आणि वर पोराच्या उंचीपेक्षा थोडं जास्त, एवढी एकटी ती बाई, ४६ मीटर. खालचा चौथरा आणि पाया धरून ९३ मीटर, म्हणजे सतरा साड्या. आमच्या मैदानात सतरा मावल्याच नाहीत, शेवटच्या दोन रस्त्यावर अंथराव्या लागल्या. तिच्या हाताचं एक बोट जवळजवळ अडीच मीटरचं. मुलं एकमेकांच्या खांद्यावर चढून ते बोट मोजत होती.

आणखी एक गंमत. सगळी बाई तयार व्हायच्या आधीच तिचा एक हात अमेरिकेला पोहोचला. १८७६ साली फिलाडेल्फिया शहरात मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे मशालीचा हात नेऊन ठेवला. पन्नास सेंट दिले की आतून चढून मशालीच्या सज्जात उभं राहता येई. मग तो हात काही वर्षं न्यूयॉर्कच्या एका बागेत ठेवला आणि १८८२ मध्ये परत फ्रान्सला नेला. डोकं १८७८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलं होतं. हात एका देशात आणि डोकं दुसऱ्या देशात! मुलं पोट धरून हसली. पण हे कशासाठी केलं, हेही त्यांना सांगितलं. लोकांना काहीतरी दिसावं आणि त्यांनी वर्गणी द्यावी, म्हणून.

फ्रान्समध्ये त्यासाठी समिती झाली. गावांनी पैसे दिले, सामान्य माणसांनी दिले, शाळेतल्या मुलांनीही दिले. सोडत काढली, पुतळ्याच्या छोट्या प्रतिकृती विकल्या. १८८० पर्यंत पुतळ्याचे पैसे जमले. ४ जुलै १८८४ ला पॅरिसमध्ये तो पूर्ण उभा करून अमेरिकेच्या वकिलाच्या स्वाधीन केला. मग पुन्हा उतरवला. त्याचे ३५० तुकडे झाले. दोनशेहून जास्त खोक्यांत भरून ते 'इझेर' नावाच्या बोटीने पाठवले. जून १८८५ मध्ये बोट न्यूयॉर्कला पोहोचली.

पाहुणी दारात आली, पण घरात पाट मांडलेला नव्हता. चौथरा अर्धवट होता. पैसे संपले होते. श्रीमंत लोक हात आखडून बसले. इतर शहरांचे लोक म्हणत, पुतळा न्यूयॉर्कमध्ये उभा राहणार, तर न्यूयॉर्कवाल्यांनीच बघावं. न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने पन्नास हजार डॉलर मंजूर केले होते, तर गव्हर्नर ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी ते रोखले. देशाच्या संसदेतूनही पैसे मिळाले नाहीत. कमी पडत होते एक लाख डॉलर.

इथे या गोष्टीत जोसेफ पुलित्झर येतो. हा हंगेरीचा. सतरा वर्षांचा असताना अमेरिकेत आला, तेव्हा त्याला धड इंग्रजीही येत नव्हतं. पुढे तो न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वर्तमानपत्राचा मालक झाला. बोट यायच्या आधीच, मार्च १८८५ मध्ये, त्याने आपल्या पेपरात हाक दिली. श्रीमंतांची वाट पाहू नका, हा पुतळा फ्रान्सच्या साध्या माणसांनी तुम्हा साध्या माणसांना दिला आहे, काहीतरी द्या, कितीही थोडं द्या. आणि त्याने एक वचन दिलं. जो कुणी पैसे देईल त्याचं नाव पेपरात छापीन, मग रक्कम कितीही लहान असो.

मैत्रिणींनो, हे वाचताना मी वही खाली ठेवली. आपण गटात काय करतो? हप्ता किती, हे नंतर. आधी नाव. ज्या बाईचं नाव आयुष्यात रेशनकार्डाशिवाय कुठे लागलं नव्हतं, तिचं नाव पासबुकावर येतं. तिथून तिची चाल बदलते, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे.

पैसे येऊ लागले. सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग, आपल्या रुपयातल्या पैशासारखा. आयोवा राज्यातल्या एका बालवाडीने १ डॉलर ३५ सेंट पाठवले. काही मुलांनी एक डॉलर पाठवला आणि लिहिलं, की सर्कशीला जायला साठवलेले हे पैसे आहेत. जगात एकटी असलेल्या एका मुलीने स्वतःच्या गरजा मारून उरवलेले साठ सेंट पाठवले. ही सगळी पत्रं पेपरात छापली गेली. पाच महिन्यांत, ऑगस्ट १८८५ पर्यंत, एक लाखावर डॉलर जमले. देणारे लोकही एक लाखाहून जास्त होते. बहुतेकांनी एका डॉलरपेक्षा कमी दिलं होतं.

पुलित्झर काही साधुसंत नव्हता. आपलं नाव छापून येणार म्हटल्यावर लोक पेपर विकत घेणारच. त्याचा खप चांगला वाढला. पण चौथरा त्यानेच पुरा झाला, हेही तितकंच खरं.

हे मुलांना सांगायला मी चिंचोके वापरले. एक चिंचोका म्हणजे एक सेंट. शंभर झाले की एक डॉलर. प्रत्येक मूल चिंचोका डब्यात टाकायचं आणि मी वहीत त्याचं नाव लिहायची. ज्याला लिहिता येत होतं त्याने स्वतः लिहिलं. शंभर चिंचोके मोजायला त्यांना अर्धा तास लागला. मग सांगितलं, की असे डबे एक लाख. कोषाध्यक्षांची नात बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे देवी त्यांची सगळ्यांची."

हो, सगळ्यांची. पण इथे गोष्ट संपवली असती तर ती अर्धी राहिली असती.

चौथरा १८८६ च्या वसंतात तयार झाला आणि खोकी उघडली. चौथरा इतका रुंद होता की बाहेरून परांची बांधता येईना. कामगार दोरांना लटकून पत्रे जोडत राहिले. २८ ऑक्टोबर १८८६ हा अनावरणाचा दिवस ठरला. त्या दिवशी पाऊस होता, धुकं होतं. शहरातून मोठी मिरवणूक निघाली. समारंभाला अध्यक्ष आले ते ग्रोव्हर क्लीव्हलँडच. गव्हर्नर असताना ज्यांनी पैसे रोखले होते, ते आता देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले होते. पुतळ्याच्या चेहऱ्यावर फ्रान्सचा झेंडा झाकला होता. बार्तोल्दी वर जाऊन उभा होता. भाषण संपलं की खालून खूण होणार आणि तो झेंडा ओढणार. एक पुढारी बोलता बोलता श्वास घ्यायला थांबले. लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या पडल्या, झेंडा खाली आला, तोफा सुरू झाल्या. त्या पुढाऱ्यांचं उरलेलं भाषण कुणी ऐकलं नाही. आपल्याकडच्या उद्घाटनांत असं झालं तर किती बरं होईल, असं आमच्या एका सदस्याबाई म्हणाल्या.

पुतळा एका बेटावर आहे. समारंभाच्या वेळी त्या बेटावर बड्या लोकांनाच प्रवेश होता. आणि त्यांत बायका किती? मोजून दोघी. एक बार्तोल्दीची बायको. दुसरी, फ्रान्सहून आलेल्या द लेसेप्स या बड्या पाहुण्यांच्या घरची मुलगी. कारण असं दिलं, की गर्दीत बायकांना इजा होईल.

न्यूयॉर्कमध्ये बायकांच्या मताधिकारासाठी झगडणारी एक संघटना होती. लिली डेव्हेरो ब्लेक तिच्या अध्यक्षा. या बायकांनी सरळ एक बोट भाड्याने घेतली आणि बेटाच्या जमेल तितक्या जवळ नेली. धुक्यात, तोफांच्या आवाजात, बोटीवरच त्यांनी भाषणं केली. स्वातंत्र्याला बाईचं रूप दिलंत हे चांगलं केलंत, असं त्या म्हणाल्या. आता जिवंत बायकांनाही मत द्या. न्यूयॉर्क राज्यातल्या बायकांना मत मिळालं १९१७ साली. साऱ्या अमेरिकेसाठी घटनेत तशी दुरुस्ती झाली १९२० साली, म्हणजे त्या बोटीनंतर चौतीस वर्षांनी. पुतळा पाठवणाऱ्या फ्रान्सने बायकांना मत दिलं १९४४ साली. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ची. तिच्यात आपल्या आज्या-पणज्यांना पुरुषांबरोबरच मत मिळालं होतं. हेही मुलांच्या कानावर घाला.

"बाईचा पुतळा आणि बायकांनाच बोलावणं नाही?" मुलांनी लगेच विचारलं. मोठ्यांना वाटतं, पोरं लहान आहेत, त्यांना अशा गोष्टी कशाला सांगायच्या. पण लहान मुलांना अन्याय फार लवकर कळतो. खेळात पाळी चुकली तर सगळं गल्लीभर होतं की नाही?

बायकाच नव्हे, आणखी लोकही दाराबाहेर होते. चौथऱ्याची वर्गणी चिनी लोकांकडेही मागितली गेली. पण १८८२ सालीच चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी करणारा कायदा झाला होता. साउम सोंग बो नावाच्या एका चिनी माणसाने १८८५ मध्ये पत्र लिहून विचारलं, की ज्या देशात आम्हाला येऊ देत नाही, त्याच्या स्वातंत्र्याच्या पुतळ्याला आम्ही पैसे द्यायचे? आणि ओहायो राज्यातल्या कृष्णवर्णीयांच्या एका वर्तमानपत्राने लिहिलं, की आमच्या माणसांना या देशात खरं स्वातंत्र्य मिळेपर्यंत ही मशाल पेटवू नका. गुलामगिरी संपली म्हणून सुचलेला पुतळा, आणि गुलामगिरीतून सुटलेल्यांनाच हे म्हणावं लागलं.

आता थोडं आपल्या माणसांबद्दल. हे सगळं चाललं होतं त्या वर्षांत आपल्या दोघी तिकडे होत्या. आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांना हा पुतळा दिसला नाही. तो पॅरिसमध्येच होता. पुढे बंदरात खोकी आली, पेपरात वर्गणीची नावं छापून येऊ लागली, तेव्हा त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. अनावरणाच्या दिवशी त्या तब्येत खालावलेल्या अवस्थेत मायदेशाच्या वाटेवर होत्या. नोव्हेंबरमध्ये मुंबईला पोहोचल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. वय बावीसही पुरं नव्हतं. त्यांचा जन्म १८६५ चा, लाबुलेंच्या कल्पनेच्याच वर्षीचा. आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. त्या पुढे दोन वर्षांहून जास्त अमेरिकेत राहिल्या, गावोगाव बोलल्या आणि बालविधवांच्या शाळेसाठी त्यांनी तिथल्या बायकांकडून वर्गणी जमवली. १८८९ साली मुंबईत त्यांचं शारदा सदन सुरू झालं, त्यात ती वर्गणी होती. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तकही लिहिलं. पुतळ्यासाठी सेंट-सेंट गोळा झाले, त्याच देशात त्याच सुमारास आपल्याकडच्या मुलींसाठीही बायकांनी पैसे दिले, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे पुतळ्याचा अर्थही बदलत गेला. १८९२ मध्ये शेजारच्या एलिस बेटावर परदेशातून येणाऱ्यांची नोंद करायचं ठाणं उघडलं. ते बंद होईपर्यंत, म्हणजे १९५४ पर्यंत, तिथून एक कोटी वीस लाख माणसं अमेरिकेत गेली. बोटीतून त्यांना आधी ही मशालवाली दिसायची. ती आलेल्या परक्या माणसाला घरात घेते, असं लोक मानू लागले. हा अर्थ आधी एका बाईने लिहून ठेवला होता. एमा लॅझरस या कवयित्रीने १८८३ साली चौथऱ्याच्या निधीसाठी एक कविता दिली होती. ती १८८७ मध्ये गेली. तिच्या मैत्रिणीने पाठपुरावा केला आणि १९०३ मध्ये ती कविता धातूच्या पाटीवर कोरून चौथऱ्याच्या आत बसवली.

आणि रंग? मुलं हमखास विचारतात, ती हिरवी का. ती मुळात हिरवी नव्हतीच. नव्या हंड्यासारखी तांबूस होती. तांब्यावर हवेने आणि पाण्याने हिरवा थर चढतो, तो तिच्यावर वीसेक वर्षांत चढला. १९०६ मध्ये तिला रंग द्यायची गोष्ट निघाली, तेव्हा लोकांनीच विरोध केला. तो थर खालच्या तांब्याला जपतो, म्हणून तसाच ठेवला. आमच्या पोरांचं मात्र ठाम मत आहे, की चिंच लावून घासली तर निघेल.

आता शेवटचं सांगते. ते मला थोडं जड जातं आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या कामातल्या एका गावात समाजमंदिर बांधलं. थोडे पैसे कमी पडले, म्हणून सहा गटांतल्या चौसष्ट बायकांनी प्रत्येकी एक्कावन्न रुपये दिले. कुणी अंडी विकून दिले, कुणी खुरपणीच्या मजुरीतून. उद्घाटनाला बाया मागच्या अंगणात पोळ्या लाटत होत्या. दारावरच्या फलकावर पाच हजारांच्या वरच्या देणगीदारांची नावं आहेत. त्यात एकही बाई नाही. याचा मला फार राग होता आणि तो मी ठिकठिकाणी बोलून दाखवायची.

मुलांना ही गोष्ट सांगून झाली त्या रात्री मी जुनी पावती काढून पाहिली. ते पैसे गोळा करून मीच भरले होते. पावतीसोबतच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "महिला बचत गट, एकूण ३२६४ रुपये." एक ओळ. चौसष्ट नावं मी माझ्या हातानेच गाळली होती. मला घाई होती, एवढंच कारण. फलकवाल्यांना नाव ठेवायचा मला किती हक्क होता?

सहाही गटांची जुनी वह्यांची चळत काढून मी ती नावं उतरवली. दोन रात्री लागल्या. पुढच्या बैठकीत मुलांसमोर ती मोठ्याने वाचली. त्यातल्या तिघी आता हयात नाहीत, त्यांच्या सुनांनी हात वर केले. एक आजी कानावर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, माझं पुन्हा एकदा वाचा बरं." मी पुन्हा वाचलं. ती यादी गावात लावायचं ग्रामसभेत मांडलं आहे. अजून लागलेली नाही. पण आता ती माझ्या टाचणात नाही, गटाच्या इतिवृत्तात आहे, आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे आहेत.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांना जगातल्या मोठ्या वास्तू जरूर दाखवा. उंची सांगा, साल सांगा, साड्या अंथरून मोजून दाखवा. पण त्याबरोबर दोन प्रश्न त्यांना शिकवा. हे उभं करायला पैसे कुणी दिले, आणि ते उभं राहिलं त्या दिवशी बाहेर कोण होतं? ताजमहाल असो, पिरॅमिड असो, नाहीतर आपल्या गावचं समाजमंदिर असो, प्रश्न तेच. उत्तर येत नसेल तर माझ्यासारखं "सरकारने दिले असतील" म्हणू नका. "मला माहीत नाही, आपण दोघं मिळून शोधू," म्हणा.

कोषाध्यक्षांच्या नातीने यादी ऐकून घेतली आणि विचारलं, चिंचोक्यांच्या वहीतली नावं पण इतिवृत्तात घेणार का. घेतली आहेत.

आज एवढंच. नमस्कार.